अंजनाबाईंची मोजणी

तिसऱ्या वर्षासाठी जागा शोधताना मी एक तक्ता केला होता. त्यातला किलोमीटरचा रकाना पहिल्याच दिवशी काढून टाकला, कारण मुंबईत किलोमीटरवरून काही कळत नाही. मी मिनिटं लिहिली, तीही दारातून निघून आठच्या लेक्चरला बाकावर बसेपर्यंतची. मानखुर्दचं मुलींचं वसतिगृह: हार्बरने कुर्ला, कुर्ल्याहून घाटकोपर, तिथून मेट्रो, मग चालत. पंच्याण्णव मिनिटं. दिंडोशीतलं एक पीजी: पंचावन्न, रस्ता खोदलेला असला तर ऐंशी. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात माडीवरची खोली, तीन खाटांपैकी एक रिकामी: बारा मिनिटं, पायी.

दुसऱ्या वर्षी मी मुलुंडला मामाकडे राहत होते. तिथून सकाळची लेक्चरं चुकत गेली आणि हजेरी अडुसष्ट टक्के भरली. विभागप्रमुख मॅडमनी माझ्याकडून लिहून घेतलं. “ऋतिका, पुन्हा पंच्याहत्तरच्या खाली आलीस तर माझ्या हातात काही नाही. परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष जाईल.” वर्ष गेलं की शिष्यवृत्ती जाणार होती, आणि ती गेली की मी देवगडला परत. माझे आजोबा गिरणी बंद पडल्यावर असेच एक ट्रंक घेऊन परत आले होते.

त्यामुळे कोळीवाड्यात गेले तेव्हा मी खोली नीट बघितलीसुद्धा नाही. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून कॉलेजच्या फाटकापासून चालत निघाले. अंजनाबाईंच्या ओट्यावर पोचले तेव्हा अकरा मिनिटं चाळीस सेकंद झाले होते.

अंजनाबाई ओट्यावर कोलंबी सोलत बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या, अंगाने आडव्या, लुगडं कासोट्याचं. कानात जड सोन्याच्या गाठ्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “काय शिकतंस?”

“इलेक्ट्रॉनिक्स.”

“मासं खातंस?”

“देवगडची आहे मी.”

“मग ठीक. मागं एक आलती, नाक दाबून जिना चढायची. मी बोलली, बाय, नाक इथं ओट्यावर ठेव, बाकीची वर जा.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “माझा एकच नियम हाय. दिवेलागणीला मी खालून इचारते, वर किती. जितक्या असाल तितक्या बोलायचं. कोण भायेर असंल तर भायेर हाय बोलायचं. खोटा आकडा सांगितला तर दुसऱ्या दिशी बॅग भरायची. एकीला काढलीय.”

मला वाटलं, मुली उशिरा येऊ नयेत म्हणून घरमालकिणी काहीबाही नियम करतात, त्यातलाच एक. हो म्हटलं.

माडीवर शीतल आणि सपना आधीपासून होत्या. शीतल चिपळूणची, फार्मसीला. सपना नाशिककडची, आमच्याच कॉलेजात कॉम्प्युटरला. शीतलने मला पहिल्याच संध्याकाळी समजावलं, “हजेरी समज. कॉलेजात पंच्याहत्तर टक्के, मावशींकडे शंभर.”

सात वाजत आले, खाडीकडची खिडकी तांबूस झाली, आणि जिन्याच्या तळातून आवाज आला. “वर किती गो?”

“तीन, मावशी!”

“बरं.” मग काडी ओढल्याचा आवाज, आणि देवापुढच्या दिव्याची वात. रोज हाच क्रम. आकडा ऐकल्याशिवाय त्या काडी ओढत नसत.

त्या घरात मी नऊ आठवडे राहिले. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सोपे नऊ आठवडे. साडेसातला उठायचं, पावणेआठला निघायचं. हजेरी चौऱ्याण्णव टक्क्यांवर गेली. मॅडमनी एकदा वर्गातच विचारलं, “ऋतिका, कॉलेजातच झोपतेस की काय?”

अंजनाबाई तोवर अर्धा दिवस उरकून आलेल्या असत. पहाटे बंदरावर लिलावाला जायचं, पाटी भरायची, बाजारात ओळीतल्या तिसऱ्या जागेवर बसायचं. मी रविवारी त्यांच्याबरोबर जायचे. कुणी बाईने पापलेट दाबून पाहिलं की त्या म्हणायच्या, “दाब दाब, त्याला पण बरं वाटंल.” कुणी भाव पाडला की, “त्या भावात त्याचा फोटो देते, चालंल?” गिऱ्हाईक हसायचं आणि घ्यायचं. पाटीतले मासे त्या विकता विकता मोजत, बर्फ मोजत, बाजारातून घरी येताना गल्लीतल्या पायऱ्यासुद्धा ओठांत मोजत. मला ते आवडायचं. मीही मोजणारीच.

सपनाने मला भरीला घातलं तो गुरुवार होता. तिच्या वर्गातली काही मुलं फेरीबोटीने मढला जाणार होती, कुणाचा तरी वाढदिवस. तिला यायला साडेआठ होणार होते. “मावशींना सांगितलं तर त्या सरळ माझ्या आईला फोन लावतात गं. मागच्या वेळी लावला होता. आई आठवडाभर बोलली नाही. तू फक्त तीन म्हण ना, यार. एका शब्दाचं काम आहे.”

शीतल म्हणाली, “मी नाही म्हणणार हां. तू म्हणणार असशील तर म्हण.”

दिवेलागण झाली. “वर किती गो?”

“तीन, मावशी.”

खालून ‘बरं’ आलं नाही. काडीही वाजली नाही. शीतलने माझ्याकडे पाहिलं. मग आवाज आला, नेहमीपेक्षा हळू. “परत बोल.”

माझ्या डोळ्यांपुढे बॅग आली, मानखुर्द आलं, पंच्याण्णव मिनिटं आली. “तीन,” मी म्हटलं.

बराच वेळ गेला. मग “बरं.” मग काडी.

सपना साडेआठला वर आली, चपला हातात घेऊन, हसत. बॅग टाकून आपल्या खाटेवर बसली आणि लगेच उठली. “माझ्या खाटेवर कोण बसलं होतं? चादर ओली आहे.”

कुणीच बसलं नव्हतं. आम्ही दोघी आपापल्या खाटांवर वाचत होतो. चादरीवर मधोमध माणूस बसल्यावर पडतो तसा खोलगट डाग होता. छताला गळती नव्हती, आठवडाभर पाऊस नव्हता. शीतलने बोट लावून नाकाशी नेलं आणि हात धुऊन आली. सकाळी चादर वाळली तेव्हा डागाच्या कडेने पांढरी रेघ उमटली होती. ती मिठाची आहे हे कळायला मला प्रयोगशाळा लागली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघीही घरात होतो. “वर किती गो?”

“तीन!” मी मोठ्याने म्हटलं. आज खरं बोलत असल्याचा आनंद होता.

“मोजून बोल.”

मी मोजलं. मी नेहमी स्वतःला शेवटी मोजते. शीतल एक, सपना दोन, खिडकीजवळ तीन, मी चार. आणि तिथे थांबले, कारण खिडकीजवळ कुणीच नव्हतं. तिथे फक्त पडदा होता, आणि तो हलत नव्हता. तरी मी तिकडे बोट केलं होतं. माझं बोट अजून तिकडेच होतं.

“काय झालं?” सपनाने विचारलं.

“काही नाही.” मी पुन्हा मोजलं, या वेळी नावं घेऊन. तीन झाले. “तीन,” मी खाली सांगितलं. खाली अंजनाबाई हसल्या. त्यांचं बाजारातलं हसणं मला माहीत होतं. हे वेगळं होतं, लाडाने कुणाला माफ केल्यासारखं.

त्या रात्री जेवणाची चार ताटं वर आली.

“मावशी, चौथं कोणाचं?” शीतलने जिन्यातून विचारलं.

“जेवणारा जेवंल.”

ताटात भात, सुरमईची तुकडी आणि वर लिंबाची फोड होती. आम्हाला कधी लिंबू मिळालं नव्हतं. आम्ही ते ताट कपाटावर ठेवलं, सकाळी जसंच्या तसं खाली नेलं. अंजनाबाईंनी ते ओट्याच्या टोकाला ठेवलं. मी कॉलेजला निघाले तेव्हा आणि दुपारी परत आले तेव्हा ते तिथेच होतं. कावळा शिवला नव्हता. कोळीवाड्यातली मांजरं सुरमई सोडत नाहीत, पण दोन मांजरं गल्लीच्या पलीकडच्या पायरीवर बसून ताटाकडे नुसती बघत होती.

पुढचे आठ दिवस मी माझ्या पद्धतीने कारणं शोधली. भिंतीला ओल असेल. खाडीची हवा खारीच असते. आकडा चुकला तो झोप कमी झाल्यामुळे. पण रोज संध्याकाळी मोजताना माझं बोट खिडकीशी थांबायचं, आणि मी ते ओढून आणायचे. सपना शीतलच्या खाटेवर झोपायला लागली. आईचा फोन आला तेव्हा तिला मी काही सांगितलं नाही, तरी ती म्हणाली, “गो, तुझो आवाज असो कित्याक? थंय कोण दुसरा आसा काय?”

मला सगळ्यात जास्त भीती अंजनाबाईंना बघून वाटत होती. त्या खूश होत्या. हिरवं लुगडं नेसत होत्या, वेणी माळत होत्या. नवा टॉवेल आणून त्यांनी आमच्या दाराच्या खिळ्याला टांगला. त्या आता पायऱ्या मोजत नव्हत्या. शेजारची विनिता मला गल्लीत अडवून म्हणाली, “मावशीला काय झालंय गं? अकरा वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नाही.” आणि मग तिनेच मला परेशचं सांगितलं, म्हणजे एवढंच, की अंजनाबाईंना मुलगा होता, तो समुद्रात गेला, आणि वरची माडी त्याच्या लग्नासाठी बांधलेली.

एका खोट्या आकड्यामुळे एक बाई मेलेल्या मुलाला जेवू घालत होती, आणि तो आकडा माझा होता. खरं सांगितलं तर खोली जाणार होती. सेमिस्टरचे सात आठवडे बाकी होते. मी कॅलक्युलेटर घेऊन बसले. मानखुर्दहून, गाड्या रखडून सकाळची लेक्चरं बुडणार हे धरून, अगदी नेटाने केलं तर शहात्तर, दोन दिवस आजारी पडले तर चौऱ्याहत्तर. रविवारपर्यंत मी तो हिशोब सहा वेळा केला.

रविवारी सकाळी अंजनाबाई किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होत्या. बांबूची वलांडी, तिला आडव्या दोऱ्या, आणि दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून त्या दोऱ्यांवर टाकायचे. त्यांचे हात न बघता चालत होते. मी बाजूला उभी राहून बोंबील देऊ लागले.

“मावशी, त्या गुरुवारी मी खोटं बोलले. आम्ही दोघीच होतो. सपना बाहेर होती.”

“ठाऊक हाय.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“मी ओट्यावर बसली व्हती. ती गेली ती माझ्या पुढ्यातनं गेली. ओढणी डोक्यावर घेतली म्हणून काय मी वळखणार नाय? चालते तर बदकासारखी.” त्यांनी जोडी दोरीवर टाकली. “दोघी व्हत्या, तू तीन बोललीस. परत इचारलं, परत तीन बोललीस. मी बोलली, बरं.”

“मग मला काढलं का नाही?”

त्यांनी माझ्या हातातले पुढचे दोन बोंबील घेतले. मग सांगायला लागल्या, बाजारातला भाव सांगावा तशा.

त्यांचा नवरा, हरेश्वर, स्वतःच्या बोटीचा तांडेल होता, म्हणजे बोटीवरचा मुख्य. बोट जाताना बायका बंदरावर माणसं मोजत आणि येताना पहिला प्रश्न तोच विचारत, किती. त्या खेपेला सहा गेले होते, त्यात परेश. चौथ्या दिवशी दुपारी बोट परत आली. अंजनाबाईंनी धक्क्यावरून ओरडून विचारलं, किती? हरेश्वरने हात वर करून सांगितलं, सहा.

“परेश पुढं जाळ्यावर झोपलाय, असं त्याला वाटलं. मोजलं नाय त्यानं. सवयीनं बोलला. मी घरी आली, सहा जणांचा भात टाकला. बोट रिकामी करंपर्यंत, मासं उतरवंपर्यंत, कोणी इचारलं नाय. सहा बोलला ना तांडेल. दोन तास गेले. मग पाचच उतरले.” त्यांनी बोंबलाचा जबडा बोटाने उघडला. “तो कवा पडला कोणाला ठाऊक नाय. पन सहा बोलला व्हता त्यानं. एक उरला. आला नाय, आनि गेला पन नाय. बोलून ठेवलेला आकडा तसाच ऱ्हातो, पोरी.”

हरेश्वर नंतर कधी बोटीवर गेला नाही. ओट्यावर बसून जाळं विणायचा, विणलेलं उसवायचा. चार वर्षांनी गेला. अंजनाबाईंनी बोट विकली, माडी भाड्याने दिली, आणि तेव्हापासून रोज दिवेलागणीला मोजणी केली. खोटा आकडा या घरात पुन्हा कुणी बोलू नये म्हणून.

“आनि तू बोललीस. दोघी असताना तीन. एक जागा रिकामी झाली.” त्या माझ्याकडे वळल्या. “तू बोललीस तवा ते खोटं व्हतं. आता नाय.”

ऊन चांगलं वर आलं होतं, शेजारी मुलं क्रिकेट खेळत होती. मी जे विचारलं ते मी का विचारलं, मला अजून कळत नाही. “मी आज संध्याकाळी नुसतं तीन न म्हणता नीट मोजून सांगितलं तर? आम्ही तिघीच आहोत, चौथं कोणी नाही, असं?”

त्यांचे हात पहिल्यांदा थांबले. “तुझ्या तोंडानं आला, तुझ्या तोंडानं जाईल.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“खाटा तीन हायत. चौघं झालात. कोण जाणार ते तू ठरव.” मग, दुसरी जोडी अडकवत, “तुझं कॉलेज बारा मिन्टांवर हाय. मना ठाऊक हाय ते. मी काय बोलत नाय.”

त्या खरंच काही बोलल्या नाहीत. विनवलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी चिडले असते, अंधश्रद्धा म्हणाले असते. त्या फक्त बोंबील जोडत राहिल्या. माझ्या मनात दोन्ही बाजू होत्या. चौथं कोणी नाही म्हटलं की खोली माझी, वर्ष माझं. एक वाक्य, तेही शंभर टक्के खरं. आणि ते ऐकल्यावर त्या खाली काडी ओढतील, आणि उद्यापासून पुन्हा पायऱ्या मोजायला लागतील.

दुपारी मी बॅग भरली. सपना रडायला लागली. “माझ्यामुळे ना? मीच जाते यार.”

“तू नाही बोललीस. मी बोलले.”

शीतलला मी दारात घेऊन म्हटलं, “आजपासून उत्तर तू द्यायचं. तीन म्हणायचं.”

“पण आम्ही दोघीच उरतोय.”

“तीन म्हण.”

तिने खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवली. दिवेलागणीच्या आत मी घाटकोपरच्या मेट्रोत होते. अंजनाबाईंनी जाताना मला काही विचारलं नाही. फक्त बॅगेचा एक बंद स्वतः धरून गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या, आणि गुडघे दुखतात म्हणून तिथूनच परत फिरल्या.

मानखुर्दला मी पावणेपाचला उठत असे. दोनदा ताप आला तरी गेले. तिथल्या वसतिगृहात संध्याकाळी मुली यंत्रावर अंगठा टेकवतात, यंत्र आवाज करतं, झालं. सेमिस्टरअखेर हजेरी शहात्तर टक्के भरली. मॅडमनी यादीत माझ्या नावावर टिक केली आणि चष्म्यातून पाहिलं. “मधे काय झालं गं? छान चाललं होतं.”

“अंतर वाढलं, मॅडम.”

परीक्षेनंतर शीतल आणि सपना दोघींनी ती खोली सोडली. कुणी घाबरवलं नव्हतं, शीतल म्हणाली, उलट दोघी निघताना मावशी रडल्या. पण रोज संध्याकाळी ‘तीन’ म्हणताना तिला आपण खोटं बोलतोय असं वाटेनासं झालं होतं, आणि ते तिला चालेना.

जानेवारीत, नवं सेमिस्टर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, मी बाजारात गेले. अंजनाबाई तिसऱ्या जागेवरच होत्या. मला बघून ओरडल्या, “आली गो काठी! मानखुर्दला जेवन देत नाय का?” आणि न विचारता दोन बांगडे कागदात गुंडाळू लागल्या.

“मावशी, आता वर तीनही खाटा रिकाम्या आहेत ना? मी परत येऊ?” हा प्रश्न मी रस्ताभर पाठ करत आले होते. सेमिस्टर संपेपर्यंत रोज पंच्याण्णव मिनिटं जाऊन आणि पंच्याण्णव येऊन मी थकले होते. भीती मला वाटत नव्हती, किंवा वाटत असली तरी बारा मिनिटांपुढे ती लहान होती.

“वरची खोली आता देत नाय मी.”

“का?”

त्यांनी बांगड्यांची पुडी माझ्या हातात दिली. ती ओली आणि गार होती. “सून आनायची तर खोली नको का?” त्या म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात, जसं कुणीही आई म्हणेल. मग मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, माझे खांदे, माझे हात, सावकाश, पाटीतला मासा पारखावा तसं.

“देवगडची ना गो तू?”

मी पुडी घट्ट धरून “नाही, मावशी, मला उशीर होतोय” असं काहीतरी म्हणाले आणि माणसांतून वाट काढत स्टेशनकडे निघाले. कॉलेजच्या फाटकावरून गेले तरी थांबले नाही. मेट्रोत बसल्यावर मी तक्ता उघडला, वर्सोव्याची ओळ निवडली आणि पुसून टाकली.